वकिलाविरुद्ध तक्रार, शिस्तभंग आणि सनद रद्द होणे: गोव्यातील पक्षकारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या वकिलाविरुद्ध तक्रार कुठे करायची? पणजीत की मुंबईत?

मुंबईत. गोव्याला वेगळी बार कौन्सिल नाही. अधिवक्ता अधिनियम, 1961 प्रमाणे महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव या सगळ्यांसाठी मिळून एकच 'बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा' आहे. तिचे कार्यालय मुंबईत फोर्टला, उच्च न्यायालयाच्या आवारात आहे. म्हणूनच डिचोलीच्या किंवा काणकोणच्या वकिलाचा सनद (वकिलीचा परवाना) क्रमांकही 'एमएएच' या अक्षरांनी सुरू होतो. पुढे अनुक्रमांक आणि नोंदणीचे वर्ष असते. हा क्रमांक वकीलपत्रावर, नोटिशीवर किंवा शिक्क्यावर सापडतो. तक्रारीत तो घालाच, कारण एकाच नावाचे अनेक वकील पटावर, म्हणजे नोंदणीच्या यादीत, असतात.

पर्वरीचे उच्च न्यायालय, जिल्हा न्यायाधीश किंवा तालुक्याची वकील संघटना यांना सनदेला हात लावता येत नाही. संघटनेच्या अध्यक्षांनी समजूत घातल्यामुळे फाईल परत मिळाली, असे होते. तेवढ्यापुरता तो मार्ग चांगला. पण संघटनेला दिलेले पत्र म्हणजे कायद्याने केलेली तक्रार नव्हे, आणि त्यात महिने घालवू नका.

तक्रार केली की माझे पैसे परत मिळतील का? बुडालेला दावा पुन्हा उभा राहील का?

बहुतेकांची गल्लत इथेच होते. शिस्तभंगाच्या कारवाईत प्रश्न एकच असतो: हा माणूस वकिली करायला लायक आहे का? कलम 43 खाली समिती कारवाईचा खर्च एका पक्षाकडून दुसऱ्याला देववू शकते, पण नुकसानभरपाई देत नाही आणि न्यायालयाचा निकालही फिरवत नाही.

म्हणून आधी खटला वाचवा, मग तक्रार करा. वकील तारखेला गेला नाही आणि दावा गैरहजेरीमुळे फेटाळला गेला, तर तो पुन्हा पटलावर घेण्याच्या अर्जाला फेटाळल्याच्या तारखेपासून फक्त 30 दिवस मिळतात. तुमच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तरी मुदत 30 दिवसांचीच असते. समन्स रीतसर बजावलेच नसेल तर ती तुम्हाला हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. मुदत उलटली असेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज जोडावा लागतो आणि त्यात प्रत्येक टप्प्याच्या उशिराचे कारण द्यावे लागते. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत थांबलेल्या माणसाची जमीन जाते आणि हातात उरतो तो फक्त वकिलावरचा राग. नवीन वकील आधी गाठा.

पैशांच्या वसुलीसाठी दिवाणी दावा वेगळा, आणि त्याला साधारण 3 वर्षांची मुदत आहे. पैसे लाटले किंवा बनावट कागद केले असतील तर पोलीस तक्रारही वेगळी. त्यात भारतीय न्याय संहितेची कलमे 316 आणि 318 अनुक्रमे विश्वासघात आणि फसवणुकीची आहेत. हे तिन्ही मार्ग एकाच वेळी चालू शकतात.

ग्राहक आयोगात जाता येईल का?

नाही. 14 मे 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या बाहेर ठेवली.

वकिलाने चुकीचा सल्ला दिला आणि मी हरलो. हे गैरवर्तन आहे का?

तेवढ्यावरून नाही. महाराष्ट्राच्याच बार कौन्सिलमधून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या खांडेकर प्रकरणात न्यायालयाने चुकलेला सल्ला आणि अनुचित सल्ला यांत फरक केला आहे. सल्ला चुकणे, अंदाज चुकणे किंवा साधा निष्काळजीपणा यात नीतिभ्रष्टता नसेल तर सनदेवर गदा येत नाही. पण तारखांना सतत गैरहजर राहायचे, पक्षकाराला 'केस चालू आहे' सांगत राहायचे आणि ती दोन वर्षांपूर्वीच फेटाळली गेल्याचे लपवायचे, हा निव्वळ निष्काळजीपणा राहत नाही. त्यातला खोटेपणा हाच तक्रारीचा गाभा होतो.

मग गैरवर्तन नक्की कशाला म्हणतात?

कायद्यात व्याख्या नाही. कलम 35 मध्ये 'व्यावसायिक किंवा अन्य गैरवर्तन' एवढेच शब्द आहेत; वकिलाने काय करावे आणि काय करू नये ते बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत आहे. गोव्यातल्या व्यवहारांत जे प्रकार पुन्हा पुन्हा समोर येतात त्यांच्यापुरते सांगतो.

पहिला प्रकार पैशांचा. खरेदीखतासाठी मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क म्हणून रक्कम घेतली आणि सरकारात भरलीच नाही. भूसंपादनाची किंवा अपघाताची भरपाई पक्षकाराच्या वतीने घेतली आणि त्याला कळवलेच नाही. नियम असा आहे की पक्षकाराच्या पैशांचा हिशोब ठेवायचा, कोणती रक्कम फीची आणि कोणती खर्चाची ते नोंदवायचे, त्याच्या वतीने पैसे आले की लवकरात लवकर त्याला सांगायचे आणि त्याने मागितल्यावर हिशोबाची प्रत द्यायची. शुल्क भरले असेल तर सरकारी चलनाची पावती असतेच. ती मागितल्यावर टाळाटाळ सुरू झाली की सावध व्हा.

दुसरा प्रकार हिश्श्याचा. 'फी नको, जिंकलो तर भाटातला एक प्लॉट माझा' असा करार इन्व्हेंटरीत (वारसांमध्ये मालमत्ता वाटून देण्याच्या न्यायालयीन कामात) आणि कूळ-मुंडकार (मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) प्रकरणांत गरजू माणसाला सोयीचा वाटतो. निकालावर अवलंबून असलेली फी किंवा वादातल्या मालमत्तेत वाटा ठरवणे नियमांना धरून नाही. पक्षकार राजी होता म्हणून ते क्षम्य ठरत नाही.

तिसरा प्रकार बाजू बदलण्याचा. इन्व्हेंटरीत सगळ्या भावंडांचे काम एकच वकील सुरू करतो. मग भावंडांत बिनसते आणि तोच वकील एका भावाकडून बहिणीविरुद्ध उभा राहतो. ज्याने एका पक्षाला दाव्याबाबत सल्ला दिला, कैफियत लिहिली किंवा काम चालवले, त्याने त्याच कामात समोरच्या पक्षाकडून उभे राहायचे नाही, असा स्पष्ट नियम आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत पती-पत्नी दोघांच्याही सह्या लागणाऱ्या या राज्यात हा प्रश्न घरोघरी येतो, म्हणून वकीलपत्रावर सही करतानाच 'तुम्ही आणखी कोणाचे काम पाहता?' हे विचारून घ्या.

आणि चौथा, कोऱ्या कागदांचा. कुवेतला किंवा लंडनला परतण्याची घाई असलेला माणूस दोन-चार कोऱ्या कागदांवर सह्या करून जातो. 2001 च्या एका प्रकरणात अशाच सहीच्या कोऱ्या कागदांवर वकिलाने खोटी तडजोड रचल्याचे सर्वोच्च न्यायालयासमोर आले होते. कोऱ्या कागदावर सही देऊ नका. कितीही ओळखीचा वकील असला तरी नको.

पैसे रोख दिले, पावती नाही. काही करता येईल?

येईल, पण पुरावा आजपासून तयार करावा लागेल. वकिलाला लेखी पत्र पाठवा: अमुक तारखेला अमुक कामासाठी दिलेल्या रकमेचा खर्चनिहाय हिशोब 15 दिवसांत द्यावा. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा; तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा. 'अर्धे भरलेत, बाकीचे पुढच्या आठवड्यात' असे उत्तर आले तर रक्कम मिळाल्याची कबुली झाली. उत्तरच आले नाही तर हिशोब मागूनही दिला नाही, हा मुद्दा उभा राहतो. ज्या दिवशी रोख दिली त्या दिवशीची बँकेतून पैसे काढल्याची नोंदही जोडा.

व्हॉट्सअ‍ॅपचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग तुम्ही आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. मूळ फोन विकू नका, संदेश पुसू नका.

वकील फाईल देत नाही, 'आधी फी, मग नाहरकत' म्हणतो.

फीसाठी फाईल अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही. आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये हे निःसंदिग्ध सांगितले आणि फाईल अडवणे हे गैरवर्तन ठरवले. फी थकली असेल तर त्याने तिच्यासाठी दावा लावावा.

नाहरकतीची अडचण न्यायालयातच सुटते. आधीच्या वकिलाची संमती मिळत नसेल तर नवा वकील कारणे देऊन न्यायालयाकडे परवानगी मागतो आणि परवानगी मिळाली की उभा राहतो. कागदपत्रांच्या प्रमाणित नकला न्यायालयाच्या नक्कल विभागातून काढा. मूळ दस्त, जुनी पोर्तुगीज लिखते किंवा एक-चौदाचे (जमिनीच्या हक्कनोंदीचे) जुने उतारे वकिलाकडे असतील तर त्यांची यादी करून, एकेका कागदाचे नाव लिहून परत मागा. 'माझी सगळी कागदपत्रे' अशा मोघम मागणीला 'सगळी दिली' असे मोघम उत्तर येते.

समोरच्या पक्षाच्या वकिलाने माझ्याविरुद्ध खोटे लिहिले. त्याची तक्रार करू?

शक्यतो नको. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच बार कौन्सिलच्या प्रकरणात सांगितले की साधारणपणे तक्रारदार आणि वकील यांच्यात पक्षकार-वकील असे नाते असायला हवे. तिथे विरुद्ध पक्षाच्या वकिलावरची तक्रार कौन्सिलने पुढे पाठवली होती. ती रद्द झाली आणि कौन्सिललाच 50,000 रुपये खर्च भरावा लागला. प्रतिज्ञापत्रावर पक्षकाराची ओळख पटवणारा वकील त्यातल्या मजकुराला जबाबदार होत नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट झाले. खोटे प्रतिज्ञापत्र असेल तर ज्या न्यायालयात ते दाखल झाले तिथेच दाद मागा.

तक्रार कशी लिहायची?

साध्या पत्रावर काम भागत नाही. ती अर्जाच्या रूपात असावी लागते, तिच्यावर सही लागते आणि दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे सत्यापन लागते. म्हणजे शेवटी 'परिच्छेद अमुक ते अमुक माझ्या माहितीप्रमाणे खरे, बाकीचे मिळालेल्या माहितीवरून खरे मानतो' असे लिहून तारीख, ठिकाण घालून सही करायची. नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र जोडा. ठरलेले शुल्क भरावे लागते. पाठवण्याआधी कौन्सिलच्या कार्यालयातून चालू रक्कम आणि किती प्रती हव्यात ते विचारून घ्या. समितीत तिघे असतात, वकिलाला एक संच जातो, कार्यालयाला एक लागतो, स्वतःकडे एक ठेवायचा. सहा संच केले की धावपळ वाचते.

मजकुरात विशेषणे नकोत, तारखा हव्यात. नमुन्यादाखल एक परिच्छेद:

'4. दि. 3 जून रोजी प्रतिवादी वकिलांनी मला फोनवरून सांगितले की दाव्याची पुढची तारीख 20 ऑगस्ट आहे. प्रत्यक्षात दावा दि. 12 मार्च रोजीच गैरहजेरीमुळे फेटाळला गेला होता. रोजनाम्याची प्रमाणित नक्कल निशाणी क म्हणून जोडली आहे. मार्च ते ऑगस्ट या काळात त्यांनी माझ्याकडून 'तारखेचा खर्च' म्हणून तीन वेळा रक्कम घेतली. बँक उतारा निशाणी ड.'

एवढ्या पाच वाक्यांत गैरवर्तन, पुरावा आणि पैसा तिन्ही आले. याउलट 'त्यांनी माझा विश्वासघात करून मला देशोधडीला लावले' या वाक्याला उत्तर देणे वकिलाला अगदी सोपे जाते. रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झाले याची न्यायालयाची नोंद, तुमचा सगळ्यात भक्कम साक्षीदार आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर 16 अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसचा स्वतंत्र क्रमांक) टाकला की प्रत्येक तारखेची नोंद दिसते. ती छापून ठेवा, पण तक्रारीला न्यायालयाची प्रमाणित नक्कलच जोडा.

मराठीत लिहिली तर चालेल?

चालेल. इंग्रजी, हिंदी किंवा राज्यभाषा म्हणून जाहीर झालेली प्रादेशिक भाषा, असा नियम आहे. प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे गेले तर तक्रारीचे इंग्रजी भाषांतर करण्याचे काम राज्य कौन्सिलचे असते. तरीही स्वतःची इंग्रजी प्रत सोबत दिलेली बरी. भाषांतरात 'मुंडकार' किंवा 'इन्व्हेंटरी'चा अर्थ बिघडला तर भुर्दंड तुम्हालाच.

पाठवल्यावर पुढे काय होते?

त्रुटी असतील तर सचिव त्या दूर करायला सांगतात. त्या वेळेत केल्या नाहीत तर तक्रार तिथेच अडकते. मग ती कौन्सिलपुढे जाते. वकिलाचे म्हणणे मागवले जाऊ शकते. सकृद्दर्शनी तथ्य आहे असे वाटले तरच प्रकरण शिस्तपालन समितीकडे जाते. कौन्सिलने डोळे झाकून ते पाठवायचे नसते. समितीत कौन्सिलचे दोन सदस्य आणि बाहेरून घेतलेला एक अनुभवी वकील असतो.

समिती वकिलाला आणि राज्याच्या अ‍ॅडव्होकेट जनरलना नोटीस काढते. साक्षीदार बोलावणे, शपथेवर तपासणे, कागदपत्रे मागवणे यांसाठी तिला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तुमची उलटतपासणी होते. तुम्ही स्वतः बाजू मांडू शकता किंवा वकील देऊ शकता. आपल्याच तालुक्यातला वकील सहकाऱ्याविरुद्ध उभा राहायला बिचकतो, हे खरे आहे. दुसऱ्या जिल्ह्यातला पाहा.

पुराव्याची कसोटी साध्या दिवाणी दाव्यापेक्षा कडक असते, कारण इथे माणसाची उपजीविका पणाला लागलेली असते. संशयाचा फायदा वकिलाला मिळतो.

दरवेळी मुंबईला जावे लागेल?

सुनावणीचे ठिकाण समितीचे अध्यक्ष ठरवतात. साक्षीदार वयस्क असतील, सगळे गोव्यातलेच असतील तर बैठक गोव्यात घ्यावी असा लेखी अर्ज कारणांसह द्या. पुष्कळसा पुरावा प्रतिज्ञापत्रांवर घेता येतो, त्यामुळे प्रत्येक साक्षीदाराला नेण्याची गरज नसते. मात्र न कळवता गैरहजर राहू नका. एका बाजूच्या गैरहजेरीत समिती काम पुढे चालवू शकते.

किती वेळ लागतो?

कलम 36-ब प्रमाणे तक्रार मिळाल्यापासून एक वर्षात निकाल लागायला हवा. तसे झाले नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. मुदत तक्रार पोचल्याच्या तारखेपासून मोजतात, म्हणून पोचपावती हा तुमच्या फाईलमधला पहिला कागद असू द्या. वर्ष उलटताना दोन्ही कौन्सिलना लेखी आठवण द्या. प्रकरण आपोआप वर्ग होते हे कागदावर खरे असले तरी पाठपुरावा केल्याशिवाय फाईल हलत नाही.

वकिलाने पैसे परत केले. तक्रार मागे घेऊ का?

घ्यायची तर घ्या, पण तेवढ्यानेच कारवाई बंद होत नाही. तक्रारदाराने माघार घेतली किंवा समझोता झाला एवढ्याच कारणावरून प्रकरण टाकून देता येत नाही, असा नियम आहे. सनद ही दोघांमधली खासगी बाब नाही. पैसे परत घेताना 'तक्रार खोटी होती' असे लिहून देऊ नका. शपथेवर केलेले आधीचे निवेदन तुमच्याच अंगावर येईल. 'रक्कम मिळाली' एवढीच पावती द्या.

कोणकोणत्या शिक्षा होऊ शकतात?

समिती तक्रार फेटाळू शकते, ठपका ठेवू शकते, ठरावीक काळासाठी वकिली निलंबित करू शकते किंवा पटावरून नाव काढू शकते. निलंबन हे संपूर्ण भारतासाठी असते. पर्वरीत बंदी आणि सावंतवाडीत मोकळीक असे नसते. निलंबन झाले किंवा नाव काढले की सनदेचे प्रमाणपत्र परत मागवले जाते.

शिक्षा किती बदलू शकते हे शंभू राम यादव प्रकरणात दिसते. वकिलाने पक्षकाराला पत्र लिहून न्यायाधीशाला देण्यासाठी 10,000 रुपये मागवले होते. राज्य कौन्सिलने दोन वर्षे निलंबन केले, अपिलात बार कौन्सिल ऑफ इंडियाने कायमची बंदी घातली, मग फेरविचारात तिनेच ती ठपक्यावर आणली. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायमची बंदी पुन्हा लागू केली. तक्रारदार शेवटपर्यंत टिकला म्हणूनच हे झाले.

निकाल पटला नाही तर?

समितीचा आदेश कळवला गेल्यापासून 60 दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, आणि तिच्या आदेशाविरुद्ध पुन्हा 60 दिवसांत सर्वोच्च न्यायालयात. हा हक्क तक्रारदारालाही आहे. कौन्सिलने प्रकरण समितीकडे न पाठवता सुरुवातीलाच निकाली काढले तर कलम 48-अ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे पुनरीक्षणाचा अर्ज करता येतो. अपील केले म्हणून शिक्षा आपोआप थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते.

न्यायाधीश थेट सनद रद्द करू शकत नाहीत का?

नाही. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की न्यायालयाच्या अवमानाची शिक्षा म्हणून सनद निलंबित करता येत नाही. ते काम बार कौन्सिलचे. उच्च न्यायालय आपल्या नियमांप्रमाणे वकिलाला न्यायालयात उभे राहण्यापासून रोखू शकते, पण ती बाब वेगळी. न्यायालयाने आदेशात वकिलाच्या वागणुकीवर ताशेरे मारले असतील तर त्या आदेशाची प्रमाणित नक्कल तक्रारीला जोडा.

माझ्या वकिलाची सनद निलंबित झाली. चालू केसचे काय?

ताबडतोब नवे वकीलपत्र दाखल करा आणि पुढची तारीख स्वतः तपासा. निलंबित माणूस सहकाऱ्याच्या नावावर काम चालवत असेल तर त्याला फी देऊ नका. हक्क नसताना वकिली करणे हा कलम 45 खाली गुन्हा आहे. 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

खोट्या कुलमुखत्यारपत्रावर नोटरीने शिक्का मारला. तोही वकीलच आहे.

दोन तक्रारी करा. नोटरी म्हणून केलेल्या गैरवर्तनाची तक्रार नोटरी नियमांतल्या ठरावीक नमुन्यात, ज्या सरकारने त्याला नेमले त्याच्याकडे, म्हणजे राज्याकडे किंवा केंद्राकडे जाते. वकील म्हणूनचे गैरवर्तन बार कौन्सिलकडे. नोटरीच्या नोंदवहीत त्या तारखेला सही करणाऱ्याची नोंद आहे का, हे पहिल्यांदा विचारा. परदेशातल्या वारसाच्या नावाने झालेल्या कुलमुखत्यारपत्राच्या तारखेला तो भारतात होता की नाही, हे त्याच्या पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून एका मिनिटात कळते.

मी स्वतः वकील आहे आणि मला नोटीस आली आहे.

दिलेल्या मुदतीत परिच्छेदवार उत्तर द्या. नुसते 'आरोप अमान्य' पुरत नाही. फीच्या पावत्या, हिशोबाची वही, पक्षकाराला पाठवलेले संदेश आणि फाईल परत दिल्याची सहीची पोच जोडा. तक्रारदाराला भेटून दबाव आणू नका, तो स्वतंत्र आरोप होतो. तक्रारदार तुमचा पक्षकारच नसेल तर 2025 चा निकाल पहिल्याच उत्तरात मांडा. आणि फाईल अजून तुमच्याकडे असेल तर उत्तर लिहिण्याआधी ती यादीसह परत करून पोच घ्या.